कच्चं असतानाच ठरवा: वाहाकाच्या धुराच्या गल्लीत जेवताना

पत्र: आम्ही मूळचे सांगलीचे, सध्या डॅलसजवळ राहतो. दिवाळीच्या सुमारास सासू-सासरे इकडे येणार आहेत आणि सगळ्यांनी मिळून मेक्सिकोत वाहाकाला पाच दिवस जायचं ठरवलंय. तिथल्या बंदिस्त मंडईत निखाऱ्यावर मांस भाजून देणारी एक गल्ली आहे. तिथे जेवायचंच, असा नवऱ्याचा हट्ट आहे. अडचणी अशा: आम्ही कोंबडी, मटण, डुक्कर खातो, गोमांस अजिबात नाही. सासूबाई शाकाहारी, त्यांना अंडंही चालत नाही. सासऱ्यांना रक्तदाब आहे. मुलगा तेरा वर्षांचा, त्याला थोडा दमा आहे. स्पॅनिश कुणालाच येत नाही. तिथे मागायचं कसं, घ्यायचं किती, पोट बिघडणार नाही ना, आणि चुकून गोमांस पानात येणार नाही याची खात्री कशी करायची?

उत्तर:

ताई, त्या गल्लीत सगळं काही मांस कच्चं असताना ठरतं. कोणत्या जनावराचं, किती वजनाचं, काय भावाने, कशासोबत आणि कोणत्या जाळीवर, हे तुमच्या डोळ्यांसमोर काउंटरवर ठरवून घ्यायचं असतं. एकदा पट्ट्या निखाऱ्यावर गेल्या की चार-पाच मिनिटांत सगळ्या सारख्याच काळपट दिसतात आणि मग विचारून काही उपयोग नसतो. दुकानदारांना घाई असते, आजूबाजूने हाका येत असतात. तुम्ही घाई करू नका.

आधी जागा समजून घ्या. वाहाका शहराच्या मुख्य चौकाला सोकालो म्हणतात. त्याच्या नैऋत्येला बेनितो हुआरेस मंडई आहे आणि तिच्या दक्षिणेला, आल्दामा रस्ता ओलांडला की ‘बेंते दे नोविएम्ब्रे’ मंडई. बेंते दे नोविएम्ब्रे म्हणजे २० नोव्हेंबर. १९१० साली मेक्सिकोची क्रांती याच दिवशी सुरू झाली असं मानतात, त्यावरून हे नाव. या मंडईत खाण्याची दोन वेगळी जगं आहेत. मोठ्या भागात ‘फोंदा’ आहेत, म्हणजे बाकांवर बसून जेवायच्या खानावळी. एका बाजूला भाजलेल्या मांसाची गल्ली आहे. तिला लोक ‘पासियो दे उमो’ म्हणतात, धुराचा बोळ. वासावरून सापडतेच. सासूबाईंची सोय फोंदात होणार आहे, त्याचं पुढे सांगतो. आधी गल्ली.

आत शिरताच दोन्ही बाजूंना मांसाचे मोठे पातळ पडदे टांगलेले किंवा काउंटरवर रचलेले दिसतात. खाटकाने एक गोळा घेऊन तो सुरीने उलगडत नेलेला असतो, घडी घातलेलं कापड उलगडावं तसा. मग त्याला मीठ लावून थोडं वाळवतात. शीतकपाट नव्हतं तेव्हा मांस टिकवायची ही रीत होती. आता ती चवीसाठी राहिली आहे. पातळ असल्यामुळे मांस झटकन भाजतं आणि मिठामुळे वरून काही लावावं लागत नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग आता. त्या पडद्यांमध्ये मुख्यतः तीन प्रकार असतात. ‘तासाहो’ हे गोमांस. रंग गडद, जवळजवळ जांभळट लाल, त्यावर मसाला नाही, कडेला कधी पिवळसर चरबी. ‘सेसीना एंचिलादा’ हे डुकराचं मांस, सुक्या लाल मिरचीच्या वाटणात माखलेलं. रंग विटकरी-नारिंगी, लांबूनही ओळखू येतो. ‘सेसीना ब्लांका’ हेही डुकराचंच, पण मिरची न लावलेलं, फिकट गुलाबी. म्हणजे कच्चं असताना हा नारिंगी रंग तुमचा सर्वांत भरवशाचा खुणेचा दगड आहे. भाजल्यावर तासाहो आणि सेसीना यांतला फरक नवख्याला कळत नाही.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. ‘सेसीना’ हा शब्द वाहाकात डुकराच्या मांसासाठी वापरतात, पण मेक्सिकोच्या इतर भागांत, विशेषतः मोरेलोस राज्यात, सेसीना म्हणजे गोमांस. त्यामुळे वाहाकात शिकलेला शब्द मेक्सिको सिटीच्या हॉटेलात तसाच वापरलात तर पानात गोमांस येईल. गाव बदललं की परत विचारायचं.

याशिवाय काउंटरवर चोरीसो, कोस्तिया आणि त्रीपा असतं. वाहाकाचा चोरीसो म्हणजे डुकराच्या मांसाचे गोल, मण्यांसारखे बांधलेले छोटे तुकडे, सुकी मिरची, लसूण आणि व्हिनेगर घातलेले. गोव्याचे चोरीस ज्यांनी खाल्ले आहेत त्यांना ओळख लगेच पटेल. पोर्तुगीज आणि स्पॅनिश, दोघांनी आपापल्या वसाहतींत नेलेला हा एकाच घराण्यातला पदार्थ आहे. त्याला लाल करणारी मिरची मात्र मूळची याच मेक्सिकोच्या भूमीतली, पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली. चोरीसो सहसा डुकराचाच असला तरी तुम्ही विचारून घ्याच. कोस्तिया म्हणजे बरगड्या, त्या डुकराच्या किंवा गाईबैलाच्या, कशाच्याही असू शकतात. त्रीपा म्हणजे आतडी. आपल्याकडची वजडी आवडत असेल तर नवऱ्याला मोह होईल, पण ती बहुतेक गाईबैलाचीच असते. सोडून द्या.

मटण किंवा कोंबडीच्या आशेने या गल्लीत जाऊ नका. मटण हवं असेल तर रविवारी त्लाकोलूलाच्या आठवडी बाजाराला जा. वाहाकापासून पूर्वेला सुमारे ३० किलोमीटर आहे. तिथे शेळीचं किंवा मेंढीचं ‘बार्बाकोआ’ मिळतं, जमिनीतल्या खड्ड्यात तासन्‌तास शिजवलेलं, सोबत त्याचाच तिखट रस्सा. शेळी म्हणजे ‘चीवो’, मेंढी म्हणजे ‘बोर्रेगो’. सासरे सांगलीचे असतील तर त्यांना तो रस्सा आपल्या घरचा वाटेल.

आता विचारायचं कसं. ‘मांस नको’ या अर्थाने नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणू नका. मेक्सिकोत कार्ने म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोमांसच येतं, आणि ‘कार्नेशिवाय’ म्हटल्यावर हॅम किंवा कोंबडी घालून देतात. गाईबैलासाठी शब्द आहे ‘रेस’. डुकरासाठी ‘पुएर्को’ किंवा ‘सेर्दो’. काउंटरवर बोट दाखवून विचारा: ‘एस रेस ओ पुएर्को?’ रेस की पुएर्को? उत्तरात एकच शब्द येतो, तो कळायला भाषा यावी लागत नाही. मग सांगा: ‘नो कोमेमोस रेस. सोलो पुएर्को, पोर फावोर.’ आम्ही रेस खात नाही, फक्त पुएर्को द्या. हे कागदावर लिहून ठेवा आणि दाखवा. तिथली माणसं यावर नाक मुरडत नाहीत, उलट नीट ऐकून घेतात. फक्त हे वाक्य वजनकाट्यावर मांस पडायच्या आधी बोलायचं. ‘अंदाजे सगळं मिसळून द्या’ असं मात्र म्हणू नका, कारण मिसळीत तासाहो हमखास असतो.

जाळीचं खरं ते सांगायला हवं. त्या गल्लीत सगळ्या प्रकारचं मांस एकाच जाळीवर, एकाच चिमट्याने भाजतात. तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाच्या तासाहोची चरबी त्याच सळ्यांवर ओघळलेली असते. तुम्ही ‘आपार्ते, पोर फावोर’ म्हणजे ‘वेगळं भाजा’ असं सांगू शकता. गर्दी नसेल तर बहुतेक जण जाळीचा एक कोपरा ब्रशने खरडून तिथे भाजून देतात. पण जाळी धुतली जात नाही. कुटुंबात कुणाला एवढाही स्पर्श चालणार नसेल, तर त्या व्यक्तीने गल्लीत न खाणं हेच बरं. हे घरीच, विमानात बसायच्या आधी एकमेकांशी बोलून घ्या. जाळीसमोर उभं राहून ठरवायला लागलात तर कुणाचं तरी मन दुखावतं.

प्रमाण. मांस खाणारे तुम्ही चौघं: तुम्ही, नवरा, मुलगा, सासरे. सुरुवातीला सेसीना एंचिलादा अर्धा किलो आणि चोरीसो पाव किलो एवढंच घ्या. हे कच्चं वजन आहे. भाजताना पाणी आणि चरबी जाऊन साधारण पाऊण किलोचं अर्धा किलोच्या आसपास उरतं, म्हणजे माणशी सव्वाशे ग्रॅम. टॉर्टिया (मक्याची पातळ पोळी), अॅव्होकॅडो आणि भाज्यांसोबत ते पुरतं. दुकानदार ‘ऊन कीलो?’ असं विचारतोच. नुसतं मान डोलावलं की एक किलो तुटतं. अर्ध्या किलोला ‘मेदियो कीलो’, पाव किलोला ‘ऊन क्वार्तो’ म्हणायचं. आधी भाव विचारा: ‘आ कोमो एल कीलो?’ फळ्यावर लिहिलेला भाव किलोचा असतो.

थोडं घ्यायचं आणखी एक कारण आहे. या पातळ पट्ट्या गरम असताना लुसलुशीत आणि दहा मिनिटांनी चामड्यासारख्या होतात. चरबी थिजते, मीठ पुढे येतं. एकदम किलोभर भाजून घेतलं तर पहिली अर्धी ताटली मजेत संपते आणि उरलेली चघळत बसावी लागते. कमी पडलं तर पाव किलो परत सांगा. काउंटर दोन पावलांवर आहे, पाच मिनिटांत मिळतं. आलेलं मांस टॉर्टियांच्या फडक्यात झाकून ठेवलं तरी बराच वेळ ऊब राहते.

भाज्यांकडे बहुतेक नवखे दुर्लक्ष करतात आणि नंतर हळहळतात. भाज्यांचं दुकान वेगळं असतं, सहसा गल्लीच्या तोंडाशीच, आणि भाज्या मांसाच्या आधी किंवा सोबत जाळीवर जाव्या लागतात. कांद्यासकट पातीची एक जुडी घ्या, त्याला ‘सेबोयीतास’ म्हणतात. निखाऱ्यावर त्याचा कांदा आतून गोड आणि मऊ होतो. ‘चिले दे आग्वा’ तीन-चार घ्या. ही वाहाकाच्या खोऱ्यातली फिकट हिरवी, बोटाएवढी लांब मिरची. नावात पाणी असलं तरी पाणचट नाही. एक सौम्य निघते आणि दुसरी घाम काढते. भाजल्यावर करपलेली साल काढायची, मधला देठाकडचा पांढरा भाग आणि बिया काढून टाकायच्या, लांब पट्ट्या करून मीठ-लिंबू पिळायचं. तिखट सगळ्यात जास्त त्या पांढऱ्या भागात असतं. मुलाला आधी टोकाकडचा तुकडा द्या. आणि ‘नोपालेस’, म्हणजे आपल्या फड्या निवडुंगाचे काटे काढलेले कोवळे फड, दोन-तीन. ते भेंडीसारखे बुळबुळीत असतात, पण चांगले कोरडे भाजले की बुळबुळीतपणा जातो. ‘बिएन दोरादोस’ म्हणजे चांगले खरपूस, असं सांगा. भाज्या घेऊन त्याच मांसवाल्याकडे द्या. काही दुकानं भाज्या स्वतःच लावून देतात, तेव्हा वेगळे पैसे आहेत का ते तिथेच विचारा.

भाजेपर्यंत जागा धरा. मध्ये बाक आणि लांब टेबलं असतात, अनोळखी लोकांच्या शेजारी बसायचं असतं. कुणी उठत-बसत असेल तर ‘प्रोवेचो’ म्हणा, म्हणजे सावकाश जेवा. बसल्यावर एक बाई येईल आणि छोट्या ताटल्या मांडायला लागेल: टॉर्टिया, ग्वाकामोले (ठेचलेला अॅव्होकॅडो), साल्सा (तिखट चटणी), मुळ्याच्या चकत्या, लिंबं. या ताटल्या मांसाच्या पैशांत धरलेल्या नसतात. समोर ठेवलेली प्रत्येक ताटली विकत असते. हवी ती ठेवून घ्या, नको तिला लगेच ‘नो, ग्रासियास’ म्हणा. चौघांना वीसेक टॉर्टिया, एक ग्वाकामोले आणि एक साल्सा पुरे.

म्हणजे एका जेवणाचे पैसे तीन-चार ठिकाणी जातात: भाजी, मांस, ताटल्या, पेय. फसवणूक म्हणून घेऊ नका, तिथली रीतच तशी आहे. पण कार्डावर विसंबून राहू नका. पेसो रोख न्या, आणि २०, ५०, १०० च्या नोटा. ५०० ची नोट काढली की सुट्ट्यांसाठी कुणीतरी दोन दुकानं पळतं आणि मांस गार होतं.

ही टॉर्टिया बघून सासूबाईंना भाकरी आठवेल. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, धुऊन, दळून त्या करतात. तोच चुना, पानाला लावतो तो. चुन्याने मक्याची साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. साध्या मक्याच्या टॉर्टियात चरबी नसते, म्हणून शाकाहाऱ्याला ती बिनघोर चालते. वाहाकाच्या मोठ्या, मऊ टॉर्टियांना ‘ब्लांदास’ म्हणतात.

आता सासूबाई. त्यांना गल्लीत बसवू नका, असं आम्ही स्पष्ट सांगू. दोन्ही बाजूंना लटकलेलं मांस, जाळीवरचे थेंब, अंगावर येणारा धूर. शाकाहारी माणसाला तिथे घास उतरत नाही. पण त्याच मंडईतल्या फोंदात त्यांना छान जेवता येईल, आणि तुम्ही दोन फेऱ्या करा. आधी सगळ्यांनी मिळून त्यांच्यासोबत फोंदात बसा, चौघांनी फक्त कोकोचं पेय घ्या. त्यांचं जेवण झालं की दोघांनी त्यांना चौकात बाकावर घेऊन बसायचं आणि बाकीच्यांनी गल्लीत जायचं, मग अदलाबदल. एकदम चौघांनी जायचा आग्रह धरला तर त्या एकट्या पडतात.

फोंदात शाकाहाऱ्यासाठी चार ठिकाणी दगा आहे. पहिला ‘आसिएंतो’. हा डुकराची चरबी कढवताना तळाशी राहिलेला तपकिरी गाळ. त्लायूदा (मोठी कुरकुरीत टॉर्टिया) आणि मेमेला (छोटी जाडसर टॉर्टिया) यांवर तो तुपासारखा फासतात, दिसतही नाही. दुसरा, काळ्या घेवड्याच्या घोटलेल्या उसळीत घातलेली डुकराची चरबी, तिला ‘मांतेका’ म्हणतात. तिसरा मोले, म्हणजे सुक्या मिरच्या आणि मसाल्यांचा घट्ट रस्सा: रंगाने, मसाल्याने मोहात पाडणारा, पण तो बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या रश्शात पातळ केलेला असतो. चौथा, लाल तिखटासारखं दिसणारं ‘साल दे गुसानो’ हे मीठ, जे संत्र्याच्या फोडींवर भुरभुरतात. त्यात वाटलेल्या अळ्या असतात. दाराशी टोपलीत जवळ्यासारखं काहीतरी लालसर, लिंबू-मीठ लावलेलं चाखायला देतात, ते ‘चापुलीनेस’, म्हणजे भाजलेले नाकतोडे. कधीकधी ग्वाकामोलेवरही पेरलेले येतात.

म्हणून मागायचं असं: ‘ऊना त्लायूदा सिन आसिएंतो, सिन कार्ने, सिन पोयो. लोस फ्रिहोलेस तिएनेन मांतेका?’ पोयो म्हणजे कोंबडी, फ्रिहोलेस म्हणजे ती उसळ, आणि शेवटचा प्रश्न उसळीत चरबी आहे का, हा. उत्तर ‘सी’ आलं तर ‘सिन फ्रिहोलेस’ म्हणा. मग पानात येतं ते मोठ्या कुरकुरीत टॉर्टियावर ‘केसियो’ नावाचं तारेसारखं सुटणारं चीज, कोबी, टोमॅटो, अॅव्होकॅडो. चीज जमवायला प्राण्याच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असू शकतं. सासूबाई तेही पाळत असतील तर चीजही वगळावं लागेल, आणि ब्लांदास, अॅव्होकॅडो, साल्सा, फळं यावर भागवावं. प्यायला ‘चोकोलाते दे आग्वा’, पाण्यात घुसळलेलं दालचिनीचं गरम कोको. त्याबरोबर जो गोल पाव देतात तो ‘पान दे येमा’. येमा म्हणजे अंड्याचा बलक. तो त्यांना देऊ नका.

पोट बिघडण्याचं. घाबरतो आपण मांसाला, आणि त्रास होतो कच्च्या कोशिंबिरीने. निखाऱ्यावरून थेट ताटात आलेली पातळ पट्टी हा त्या मंडईतला सर्वांत सुरक्षित घास. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेनुसार डुकराच्या अखंड मांसाला आतून ६३ अंश सेल्सियस आणि नंतर तीन मिनिटं विश्रांती पुरते. बोटाच्या निम्म्याही जाडीची नसलेली पट्टी हे तापमान लगेच ओलांडते. खिम्याला मात्र ७१ अंश लागतात, कारण दळताना बाहेरचे जंतू आत मिसळतात. म्हणून लक्ष चोरीसोवर ठेवा. बाहेरून काळा आणि आतून मऊ, लालसर, कच्चा असा तो निखारे भडकलेले असले की हमखास निघतो, कारण त्याची चरबी गळून ज्वाळा उठतात आणि कातडी आधी जळते. एक चोरीसो मधोमध उघडा. मिरचीमुळे तो शिजला तरी लालच दिसतो, तेव्हा रंग बघू नका. आत चिकट, लगद्यासारखा असेल तर परत द्या आणि म्हणा: ‘मास कोसीदो, पोर फावोर.’ कुणी रागावत नाही.

डुकराच्या मांसातल्या टेपवर्मची, म्हणजे पट्टकृमीची, भीती बऱ्याच घरांत असते. नीट भाजलेल्या मांसातून तो होत नाही. मेंदूत गाठी होणारा गंभीर आजार तर त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो, आणि ती अंडी मांसातून येत नाहीत. संसर्ग असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून आणि पालेभाज्यांतून येतात. म्हणून साबणाने हात धुणं हा तिथला खरा उपाय आहे. मंडईतल्या स्वच्छतागृहाला थोडे पैसे लागतात, नाणी जवळ ठेवा, आणि साबणाची छोटी बाटली आपली आपण न्या. हाताला चोळायचं जंतुनाशक या अंड्यांवर आणि जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर पुरेसं चालत नाही.

मुळा आणि कोथिंबीर पहिल्या दिवशी सोडा. साल्सा ज्या भांड्यात दिवसभर उघडी असते त्यातली नको. तुमच्यासमोर वाडग्यात ओतलेली ठीक. लिंबू आपल्या हाताने पिळा. पाणी बंद बाटलीतलं. बर्फ मधे भोक असलेला, नळीच्या आकाराचा असेल तर तो बहुधा कारखान्यात शुद्ध पाण्याचा केलेला असतो. फोडलेल्या लादीचा बर्फ टाळा. आणि भाजणाऱ्याचा चिमटा बघा. कच्चं उचललेल्या चिमट्यानेच भाजलेलं ताटलीत टाकत असेल तर ‘ओत्रा पिन्सा, पोर फावोर’ म्हणून दुसरा चिमटा मागा.

सासऱ्यांचा रक्तदाब. हे मांस खारवलेलं असतं, दुकानात त्याचं मीठ कमी करता येत नाही. पाण्यातून काढून भाजायला सांगू नका. वरची मिरची धुऊन जाते आणि आतलं मीठ तसंच राहतं. प्रमाणच कमी ठेवा: त्यांच्या पानात चार-पाच छोटे तुकडे, सोबत जास्त टॉर्टिया, अॅव्होकॅडो, भाजलेले कांदे. चोरीसो आणि चीज त्या दिवशी त्यांना नको, आणि रात्रीचं जेवण अगदी अळणी ठेवा. गोळ्या नेहमीच्या वेळेला. डॉक्टरांनी मिठावर कडक बंधन घातलं असेल तर मात्र त्यांनी सासूबाईंसोबत फोंदातच जेवावं. तिथे मिठाचं प्रमाण निदान सांगता येतं: ‘कोन पोका साल.’

मुलाच्या दम्यासाठी सगळ्यात मोठा प्रश्न धुराचा. छपराखाली एका रांगेत इतक्या शेगड्या पेटलेल्या असतात की दुपारी डोळे चुरचुरतात. चरबी निखाऱ्यावर पडली की पांढरा धूर उठतो, तोच श्वासाला त्रास देतो. शेगड्या पेटल्यावर आणि गर्दी व्हायच्या आधी, म्हणजे साधारण बाराच्या सुमारास जा. मेक्सिकोत मुख्य जेवण दुपारी दोन ते चार या वेळेत असतं, तेव्हा धूर आणि माणसं दोन्ही शिगेला असतात. जाळीच्या समोर नाही, गल्लीच्या टोकाला, दाराच्या वाऱ्यात बसा. मांस निवडायला मोठ्या माणसाने जावं, मुलाला तिथे उभं करू नका. इनहेलर बॅगेत नको, खिशात हवा. जायच्या आधी एक फवारा घ्यावा का, हे त्याच्या डॉक्टरांना घरीच विचारून घ्या. खोकला लागला की उठून बाहेर या, ‘अजून दोन घास’ म्हणून थांबू नका. मग उरलेलं ‘पारा येवार’ म्हणजे बांधून घ्या आणि चौकात बसून लगेच खा. गार झाल्यावर त्याची मजा जाते, हे आधीच सांगितलं आहे.

दिवाळीच्या सुमारास म्हणालात. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला तिथे मृतांचा सण असतो आणि वाहाका गच्च भरतं. त्या दोन दिवसांत मंडईत ज्येष्ठांना बसायला जागा मिळणं अवघड आहे. तारखा हातात असतील तर सणाची सजावट बघायला आधी पोचा आणि गल्लीतलं जेवण ३ तारखेनंतर ठेवा. कपडे जुने घाला, धुराचा वास एका धुण्यात जात नाही. लोकरी शाल तर अजिबात नको.

परतताना अमेरिकेत सेसीना किंवा चोरीसो बांधून नेऊ नका. मेक्सिकोतून डुकराचं मांस नेण्यावर कडक निर्बंध आहेत. विमानतळावर ते काढून घेतात, आणि जाहीर न करता नेलं तर दंडही होतो. घरी न्यायचं असेल तर मंडईच्या दक्षिणेकडच्या मीना रस्त्यावर चॉकलेट दळून देणारी दुकानं आहेत. तिथे कोको, साखर, दालचिनी, बदाम यांचं प्रमाण तुम्ही सांगाल तसं दळून वड्या करून देतात. सासूबाईंसाठी बदाम थोडे जास्त, साखर कमी सांगा. मोलेचा घट्ट लगदा घेतलात तर तो हातातल्या पिशवीत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत त्याला द्रव समजतात. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका.